कोण आहे रे तिकडे?

माणसाच्या हातात चार पैसे आले की तो आधी भिंत बांधतो. भिंत बांधून झाली की आपण स्वतः आत कसं जायचं हा प्रश्न त्याला पडतो, म्हणून तो भिंतीला दार ठेवतो. दार ठेवलं की त्यातून आपल्याबरोबर इतरही येऊ लागतात, म्हणून दाराशी माणूस ठेवतो. माणूस ठेवला की तो झोपतो, म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवायला दुसरा माणूस ठेवतो. दोघे मिळून गप्पा मारायला लागले की यंत्र आणतो. यंत्र आणलं की ते बिघडतं, म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावतो. आणि तो आला की त्याला गेटवरच अडवतात, कारण त्याचं नाव यंत्रात नसतं. दरवाजांचा हजारो वर्षांचा इतिहास एवढाच आहे. बाकी सगळा तपशील.

आमच्या मीरा-भाईंदरचंच बघा. एके काळी इथे मिठागरं, भातशेती, खाडी आणि आगरी-कोळ्यांची गावं. मुंबईत जागा परवडेना तेव्हा आम्ही नोकरदार मंडळी दहिसरची हद्द ओलांडून इथे आलो. १२ जून १९८५ला इथे नगरपरिषद झाली, २८ फेब्रुवारी २००२ला महानगरपालिका झाली. या दोन तारखांच्या मागेपुढे आधी चार मजल्यांच्या इमारती उगवल्या, मग सात मजल्यांच्या, आणि मग मजले मोजता मोजता मान अवघडावी अशा. इमारत जितकी उंच तितकं तिचं गेट नखरेल, असा एक नियमच आहे. चार मजली इमारतीचं गेट म्हणजे दोन खांब आणि मध्ये एक लोखंडी फाटक. त्यावर सोसायटीची पोरं झोके घेत. शेजारी तीन पायांच्या खुर्चीवर वॉचमन नावाचे गृहस्थ बसत. चौथ्या पायाच्या जागी विटा. पाण्याचा पंप चालू करणं, संध्याकाळी जिन्यातले दिवे लावणं आणि कोणी नवखा आला की ‘किधर जाना है?’ असं विचारणं ही त्यांची कामं. उत्तर काहीही दिलं तरी चालायचं. प्रश्न विचारला गेला, हेच महत्त्वाचं.

पुढे वही आली. या वहीइतकं निर्मळ विनोदी साहित्य मराठीत दुसरं नाही. नाव : पाटील. कुठून आलात : बाहेरून. कोणाकडे : वर. काम : पर्सनल. सही : मागच्या माणसासारखीच. वेळेच्या रकान्यात पहिल्याने सव्वादहा लिहिलं की संध्याकाळपर्यंत येणारा प्रत्येक जण खाली दोन टिंबं देऊन सव्वादहालाच येतो. मी बँकेत कारकून आहे. अशा वहीवर आमच्याकडे ऑडिटर आला असता तर त्याला तिथेच चक्कर आली असती.

आता वही गेली आणि यंत्रं आली. गाडीच्या काचेवर एक चिकटपट्टीएवढा टॅग. खांबावरचं यंत्र लहरी सोडून तो वाचतं आणि पट्ट्यापट्ट्यांचा दांडा वर जातो. (हीच युक्ती फास्टॅग म्हणून हमरस्त्यावरच्या टोलनाक्यांवर फेब्रुवारी २०२१पासून सक्तीची झाली.) रस्त्याखाली तारेचं एक वेटोळं पुरलेलं असतं, वर गाडीचं लोखंड आहे हे त्याला कळतं, म्हणून गाडी खाली असताना दांडा टपावर पडत नाही. पायी येणाऱ्यांसाठी बाजूला एक छोटं दार, त्याला लोहचुंबकाचं कुलूप आणि शेजारी बोट किंवा तोंड ओळखणारं यंत्र. वर कॅमेरा, आत इन्व्हर्टर. आणि या सगळ्यांचा तालेवार जावई म्हणजे मोबाइलमधलं अॅप. तुमचा सख्खा मेव्हणा गेटवर आला की ते तुम्हाला विचारतं, ‘आत घेऊ की नको?’ हा प्रश्न लग्नानंतरच्या पंधरा वर्षांत मला कोणी विचारला नव्हता.

आमच्या सोसायटीने हे सगळं बसवायचं ठरवलं तेव्हा रीतसर तीन कोटेशनं मागवली, खर्च सिंकिंग फंडातून की दुरुस्ती निधीतून यावर दोन सभा झाल्या आणि मग यंत्र बसवणारा मुलगा आला. असेल पंचविशीचा. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर. त्याने सगळ्या तारा जोडल्या, हात पुसले आणि कमिटीला एकच प्रश्न विचारला. “साहेब, लाइट गेली तर दार उघडं राहायला पाहिजे का बंद? दोन्ही टाइपची कुलपं येतात.”

त्याने समजावून सांगितलं. एका कुलपात वीज असेतोवर लोहचुंबक दार धरून ठेवतो. वीज गेली की हात सोडतो आणि दार उघडतं. आग लागली तर माणसं आत अडकू नयेत म्हणून ते तसं. दुसरं उलट : वीज गेली की जिथल्या तिथे बंद, म्हणजे चोराने तार कापली तरी उपयोग नाही. आता बोला. कमिटी गप्प झाली. मग तळमजलावाले ‘बंद’ म्हणाले, कारण चोर पहिल्यांदा त्यांच्याकडे येणार. वरचे मजले ‘उघडं’ म्हणाले, कारण आग लागली तर सगळ्यात शेवटी तेच खाली पोचणार. विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. दार कशासाठी असतं, उघडण्यासाठी की बंद करण्यासाठी? आमच्या कमिटीत एकमत होत नाही हे ठीक. पण ज्यांनी दरवाजे राखण्यात हयाती घालवल्या त्यांचं मत काय होतं? वाणिज्य शाखेच्या माणसाला इतिहासात शिरायला बंदी नाही. तिथे अजून अॅप बसवलेलं नाही.

आपल्या पूर्वजांनी दरवाजाचा विचार आमच्या कमिटीपेक्षा पुष्कळ बारकाईने केला होता. रायगडाचा महादरवाजा पाहा. जवळ जाईपर्यंत तो दिसतच नाही. दोन बुरूज असे वळवून घेतलेत की वाट त्यांच्यामधून वळसा घेऊनच दरवाजाशी येते. हत्तीला धावत येऊन धडक द्यायला सरळ रस्ता नाही, तोफेला नेम धरायला जागा नाही, आणि वळणावळणावर वरून दगड घालायची उत्तम सोय. याला गोमुखी रचना म्हणतात. पुण्याच्या शनिवारवाड्याला (१७३२) एवढी डोंगराची सोय नव्हती, म्हणून दिल्ली दरवाजाला हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर लांबलचक अणकुचीदार खिळे ठोकले. हत्तीसाठी केलेला तो दांडाच. टॅग नसलेल्या हत्तीला प्रवेश नाही.

या मोठ्या दरवाजांच्या पोटात एक लहान दार असतं, त्याला दिंडी दरवाजा म्हणतात. रोजची ये-जा त्यातून. तो मुद्दाम बुटका असतो. आत येणाऱ्याचं डोकं आधी येतं आणि तलवारीचा हात मागाहून, त्यामुळे आतल्या पहारेकऱ्याला निर्णय घ्यायला सवड मिळते. निर्णय चुकला तर येणाऱ्याला तक्रार करायला डोकं उरत नसे, हा वेगळा फायदा. आणि दाराच्या मागे आडवा घालायचा तो अडसर, भिंतीतल्या खोबणीत सरकणारा लाकडाचा ओंडका. त्याला वीज लागत नाही, ए.एम.सी. लागत नाही आणि पावसाळ्यात त्याचा सेन्सर जात नाही.

रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात किल्ले बांधण्याविषयी जे सांगितलंय ते प्रत्येक सोसायटीच्या सेक्रेटरीने वाचावं. किल्ल्याला एकच दरवाजा ठेवणं हा त्यांच्या मते मोठा दोष. दोन-तीन दरवाजे हवेत, शिवाय चोरदिंड्या हव्यात. त्यांतल्या रोज लागतील तेवढ्याच वापरात ठेवाव्या आणि बाकीच्या चिणून टाकाव्या. म्हणजे प्रसंग पडला की वाट आहे, एरवी नाही. पंतांच्या काळी अग्निशमन दल नव्हतं. तरी बंब कुठून आत येणार याचा विचार त्यांनी केला होता. आमच्या बिल्डरने नव्हता केला.

पण मला खरी भरून आली ती किल्ल्यावरची कामाची वाटणी वाचून. शिवछत्रपतींच्या किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे तीन बरोबरीचे अधिकारी. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात, हिशेब सबनिसाकडे, शिबंदी सरनौबताकडे. पण किल्ल्याचा कारभार तिघांनी मिळून करायचा. हेतू हा, की एकटा कोणी फितूर झाला तरी किल्ला परस्पर शत्रूला देऊन मोकळा होऊ नये. सभासदाच्या बखरीत ही व्यवस्था आहे. वाचकहो, याला आम्ही बँकेत जॉइंट कस्टडी म्हणतो. आमच्या तिजोरीला दोन चाव्या असतात. एक कॅशिअरकडे, एक अधिकाऱ्याकडे. दोघं एकत्र आल्याशिवाय दार उघडत नाही आणि दोघांपैकी एक रजेवर गेला की शाखेचं धाबं दणाणतं. ही पद्धत इंग्रजांनी शिकवली अशी माझी कॉलेजात समजूत करून दिलेली होती. रायगडावर ती चाललेली पाहून छाती फुगली.

आता असे भक्कम दरवाजे, अशा किल्ल्या, असे तिघे अधिकारी. मग दरवाजे फोडले कोणी आणि कसे? इथेच खरी गंमत आहे. इतिहासातले कर्तबगार लोक दरवाजा फोडायच्या भानगडीत सहसा पडतच नाहीत.

पहिला मार्ग : परवानगी काढून आत जाणे. १६६३ साली शाइस्तेखान पुण्यात लाल महालात मुक्कामाला होता. पासाशिवाय कोणाला, विशेषतः कोणा मराठ्याला, शहरात घ्यायचं नाही, असा त्याचा सक्त हुकूम. मुघल इतिहासकार खाफीखान सांगतो की मराठ्यांच्या एका टोळीने सरळ कोतवालाकडून पास काढला. कारण : लग्न. माणसं : दोनशे. एका पोराला नवरदेव केला आणि वाजतगाजत वरात आत आली. दुसरी टोळी ‘कैदी आणलेत’ म्हणून आली. कैद्यांना दोरखंड बांधलेले, आणणारे त्यांना शिव्या घालताहेत, सगळं कसं खऱ्यासारखं. पाच एप्रिलच्या रात्री पुढे काय झालं ते चौथीतल्या मुलालाही पाठ असतं. खानाचं बोटांवर निभावलं. लाल महालाला आजचं बोट लावायचं यंत्र असतं तर दुसऱ्या दिवशी खुद्द खानालाच आत घेतलं नसतं. आमच्याकडे अजूनही ‘पाहुणे, लग्न, दोनशे’ असं सांगितलं की वॉचमन गेट सताड उघडं ठेवतो. साडेतीनशे वर्षांत त्या कारणाची पत कमी झालेली नाही.

दुसरा मार्ग : पहारेकऱ्याला कंटाळा आणणे. १६६६, आग्रा. घराभोवती फुलादखान कोतवालाचा पहारा. मिठाईचे पेटारे रोज बाहेर जाऊ लागले. पहिल्या दिवशी पहारेकऱ्यांनी झाकण उघडून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं. आठवड्याने नुसतं झाकणावर टकटक केलं असेल. आणि १७ ऑगस्टला कोणी पाहिलंच नाही. हल्ली दिवसाकाठी आमच्या गेटवर पेटारे घेऊन इतकी मुलं येतात की पहिल्या तिघांना वॉचमन अडवतो आणि पुढच्या तीसांकडे बघून नुसती मान हलवतो. फरक एवढाच, की आपले पेटारे आत येतात. आणि आत अंथरुणात कोण होतं? हिरोजी फर्जंद. अंगावर पांघरूण, हात तेवढा बाहेर आणि हातात महाराजांचं कडं. कडं दिसतंय म्हणजे माणूस आहे, असं पहाऱ्याने धरलं. एकाचं ओळखपत्र दुसऱ्याने वापरणं याचं एवढं उदात्त उदाहरण जगात दुसरं नसेल. पण नियम म्हणून पाहाल तर तो पहारा फसला याचं कारण तेच : त्यांनी कडं ओळखलं, माणूस ओळखला नाही.

तिसरा मार्ग : दार सोडून भलतीकडून येणे. तानाजी ४ फेब्रुवारी १६७०च्या रात्री सिंहगडावर गेला तो कड्यावरून. आतून दरवाजा उघडला गेला तो नंतर. आणि आमच्या खाडीपलीकडचा वसईचा किल्ला घ्या. इकडच्या तीरावरचा घोडबंदरचा किल्ला आणि उत्तनच्या वाटेवरचा धारावीचा किल्ला मराठ्यांनी याच मोहिमेत घेतले. म्हणजे आम्ही लोकलमध्ये झोपा काढत जातो तो मुलूख हा. वसईला पोर्तुगीजांनी जमिनीच्या बाजूला एक आणि समुद्राच्या बाजूला एक असे दणकट दरवाजे बांधले होते. मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने तटाखाली सुरुंग लावून बुरूजच उडवला. दरवाजाला कोणी नमस्कारसुद्धा केला नाही. आपण गेटला लाखभर रुपये लावतो आणि मागच्या भिंतीला लागून कचऱ्याचा डबा उलटा ठेवतो, तेव्हा मला नेहमी वसईच्या त्या कॅप्टनांची आठवण येते.

चौथा मार्ग आमच्या धंद्यातला : पैसे भरणे. औरंगजेबाने शेवटच्या वर्षांत महाराष्ट्रातले कितीतरी किल्ले लढून कमी आणि मोजून जास्त घेतले. १७०४ साली तोरणा मात्र चढून, लढून घेतला, म्हणून त्याचं नाव अपवादात निघतं. बादशहाच्या जमाखर्चात हे किल्ले कुठल्या सदराखाली टाकत असतील, बांधकाम की किरकोळ, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

आणि पाचवा मार्ग सगळ्यात वाईट. ३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा जागच्या जागी, खिळे जागच्या जागी, आणि नारायणराव पेशव्यांचा खून होतो तो गारद्यांच्या हातून. गारदी म्हणजे पेशव्यांच्याच पदरची पगारी पलटण! ज्यांच्या जिवावर दार बंद करून झोपायचं, तेच आत शिरले. थकलेल्या पगाराचं निमित्त करून ते वाड्यात घुसले असं सांगतात. ‘ध’चा ‘मा’ झाला की नाही यावर आपण अडीचशे वर्षं वाद घालतोय. पगार थकला होता की नाही यावर कोणी फारसा घालत नाही.

खाल्ल्या मिठाला जागावं, असं आपण पहारेकऱ्याला सांगतो. पण त्याआधी ते मीठ त्याच्या पानात वेळेवर पडायला हवं, हे निदान मिठागरांच्या गावाला तरी सांगावं लागू नये. आमचा वॉचमन बारा तास उभा असतो. त्याचा एजन्सीवाला कोण, त्या एजन्सीवाल्याला आपण किती देतो आणि त्यातलं याच्या हातात किती पडतं, हे शंभरातल्या नव्वद सभासदांना ठाऊक नसतं. खाजगी सुरक्षारक्षकांच्या नोकरीचं आणि कल्याणाचं नियमन करणारा कायदा महाराष्ट्राने १९८१ सालीच केला. एजन्सींना परवाना लावणारा केंद्राचा कायदा २००५चा. सभेत मात्र यंत्राच्या वार्षिक देखभालीच्या कराराला एकमताने मंजुरी मिळते आणि वॉचमनच्या पावसाळी बुटांचा विषय ‘आयत्या वेळचे’ या सदरात जातो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. या पाचही मार्गांनी जे गेले ते गेले. दरवाजाने त्यांच्यापैकी कोणालाच अडवलं नाही. मग त्याने अडवलं तरी कोणाला? त्याचं उत्तर रायगडाच्या कथेत आहे. हिरकणी गवळण दूध घालायला गडावर आली. कोजागरीची रात्र. उशीर झाला. दरवाजे बंद. घरी तान्हं मूल. पहारेकरी म्हणाले, हुकूम नाही. ती कड्यावरून उतरून घरी गेली आणि महाराजांनी पुढे त्या कड्यावर बुरूज बांधून त्याला तिचं नाव दिलं. एसटीने एका गाडीला तिचं नाव दिलं, आणि लेकुरवाळ्यांसाठी ठिकठिकाणी जे कक्ष झाले तेही हिरकणीच्याच नावाचे. कथा म्हणून ऐका; पण ती तीनशे वर्षं टिकली ती उगाच नाही. लोकांच्या लक्षात राहिलं ते हे, की एवढ्या मोठ्या दरवाजाने अडवली ती एक दूधवाली.

आजही गेट अडवतं ते रोज येणाऱ्यालाच. दहा घरची भांडी घासून घासून आमच्या बाईंच्या बोटांवरच्या रेषा झिजल्यात. सकाळी सहाला त्या यंत्रावर अंगठा ठेवतात आणि यंत्र म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा. त्या पदराला हात पुसतात, पुन्हा ठेवतात. मागे रांग लागते. “थंब लागत नाही हो ताई,” एवढंच त्या घरात सांगतात, जणू काही त्यांच्याच अंगठ्यात काही खोट आहे. ज्या हातांनी घर चालतं ते हात घराला ओळखू येत नाहीत. उत्तनहून टोपली घेऊन येणारी मावशी वीस वर्षं याच दाराने आत यायची. कोणाच्या घरी संकष्टी, कोणाकडे पापलेट आणि कोणाकडे उधारी हे तिला तोंडपाठ. तिच्याकडे अॅप नाही, म्हणून आता ती बाहेर बसते आणि आम्ही टॅग लावलेल्या गाडीतून बाहेर येऊन तिच्याकडून मासळी घेतो.

यंत्र नोंद ठेवतं, ओळख ठेवत नाही. ओळख ठेवतो तो माणूस. गेल्या पावसाळ्यात रात्री अकराला लाइट गेली. इन्व्हर्टरने तासभर दम धरला आणि मग त्यानेही मान टाकली. सरकतं गेट अर्धवट बंद होऊन थांबलं. बाहेर रुग्णवाहिका, आत चौथ्या मजल्यावरच्या आजींना छातीत कळ. अशा वेळी मोटारीचा दात सोडवून गेट हाताने ढकलता यावं म्हणून एक छोटी चावी येते. कमिटीच्या ठरावानुसार ती सेक्रेटरींच्या कपाटात होती आणि सेक्रेटरी विरारला लग्नाला. वॉचमनने डब्याच्या पिशवीत हात घातला, जोड चावी काढली, मोटारीचं झाकण उघडून फिरवली आणि खांद्याने गेट ढकललं. पोळी भाजायला लागतो तेवढा वेळ. आजी आठ दिवसांनी घरी आल्या. विनापरवाना चावी बाळगल्याबद्दल वॉचमनला समज द्यावी की बक्षीस, यावर कमिटीत दीड तास चर्चा झाली. शेवटी दोन्ही दिलं.

जी शहरं वाढली ती दरवाजे पाडून वाढली, हेही जाता जाता सांगतो. मुंबईच्या कोटाला तीन दरवाजे होते : चर्चगेट, अपोलो गेट आणि बाजारगेट. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तट पाडले, दरवाजे पाडले, आणि मग कुठे मुंबई ऐसपैस पसरली. आम्ही भाईंदरकर रोज सकाळी जिवाच्या आकांताने जे चर्चगेट गाठतो तिथे गेट नाही, त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली! ४ डिसेंबर १९२४ला ज्याचं उद्घाटन झालं त्या गेटवे ऑफ इंडियाला तर आडवं घालायला फळीसुद्धा नाही; २८ फेब्रुवारी १९४८ला गोऱ्या फौजेची शेवटची तुकडी त्याच्याखालून गेली ती कोणाला न विचारता. आणि ऑक्टोबर २०२४मध्ये दहिसर नाक्यावर लहान गाड्यांचा टोल बंद झाला, तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले गेले. स्वतःच्या इमारतीला दांडा बसवणारा माणूस दुसऱ्याचा दांडा उठला की पेढे वाटतो, हा मनुष्यस्वभाव आहे.

तर लाइट गेल्यावर दार उघडं हवं की बंद? कुलपाबद्दल म्हणाल तर उघडं. आगीत माणूस अडकण्यापेक्षा चोर परवडला. चोराचं काय ते पंतांनी सांगून ठेवलंय. पण इतिहास चाळून माझं मत असं झालंय, की दाराशी ओळख ठेवणारा माणूस असेल तर कुलूप कुठलंही चालेल. आणि नसेल तर कुठलंही चालणार नाही. किल्ले अडसरांनी राखले नाहीत. रात्री-अपरात्री ‘कोण आहे रे तिकडे?’ असं विचारून उत्तर ऐकायला थांबणाऱ्यांनी राखले. यंत्रही विचारतं; पण थांबत नाही.

म्हणून येत्या वार्षिक सभेत मी पुढील ठराव मांडतो आहे. एक : दिव्याचं काहीही होवो, वॉचमनचा पगार सात तारखेच्या आत. दोन : मोटारीची चावी जॉइंट कस्टडीत, एक सेक्रेटरींकडे आणि एक रीतसर, सहीनिशी, वॉचमनच्या डब्याच्या पिशवीत. तीन : ज्यांचा थंब लागत नाही त्यांना तोंडओळखीवर आत सोडावं. चार : त्याला पावसाळी बूट.

सूचक प्रस्तुत लेखक. अनुमोदक पाहिजे.